परवाना आणि हक्क : परदेशी राहून दूरस्थ काम करणाऱ्यांच्या व्हिसांची तुलना

(विहारातील व्याख्यानमालेत सुशिक्षित तरुण-तरुणींपुढे केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून सभेतील वडीलधाऱ्या मंडळींना थोडे आश्चर्य वाटले असेल. विहारात धम्मावर बोलावे, हक्कांवर बोलावे, फार तर शिष्यवृत्तीवर बोलावे. परंतु परक्या देशाच्या व्हिसावर, आणि तोही संगणकापुढे बसून काम करणाऱ्यांच्या व्हिसावर, बोलण्याचे येथे काय प्रयोजन? प्रयोजन आहे, आणि ते निकडीचे आहे. आपल्या वस्त्यांतून शिकून वर आलेली पुष्कळ मुले-मुली आज दूरदूरच्या कंपन्यांची कामे घरी बसून करीत आहेत. हे काम नागपूरहून होते तसे लिस्बनहूनही होते, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली आहे. ती माझ्याकडे करारपत्रे घेऊन येतात आणि विचारतात, कोणत्या देशाचा व्हिसा लवकर मिळतो? कोठे कर कमी पडतो? कोठे घरभाडे स्वस्त आहे? हे प्रश्न रास्त आहेत. परंतु एक प्रश्न फार थोडे विचारतात. तो असा की, त्या देशात मला हक्क कोणते मिळतील? आजचे माझे भाषण या एकाच प्रश्नाभोवती आहे.

बाबासाहेबांनी १९३५-३६ च्या सुमारास आपल्या आठवणींचे एक लहानसे टिपण लिहिले. त्याला त्यांनी 'व्हिसाच्या प्रतीक्षेत' अशा अर्थाचे इंग्रजी नाव दिले. ते पुस्तिकेच्या रूपाने १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने प्रसिद्ध केले. नाव वाचून वाटावे की त्यात परदेशप्रवासाची हकीकत असेल. प्रत्यक्षात त्यात आहे ती बडोद्याची, चाळीसगावची, दौलताबादची, म्हणजे स्वदेशातील हकीकत. न्यूयॉर्क आणि लंडन येथे शिकून आलेला हा विद्वान १९१७ साली नोकरीसाठी बडोद्यास उतरला. ज्या संस्थानाच्या अधिपतीने त्याच्या शिक्षणाचा खर्च केला, त्याच संस्थानाच्या राजधानीत त्याला राहावयास खोली मिळेना. एका पारशी खाणावळीत पारशी नाव लावून त्याने काही दिवस काढले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी त्याला तेथून हुसकावले, आणि मुंबईची गाडी येईपर्यंत सार्वजनिक बागेत बसून राहण्याची पाळी त्याच्यावर आली.

या हकीकतीत कायद्याच्या विद्यार्थ्याने शिकण्यासारखे पुष्कळ आहे. बाबासाहेबांजवळ नोकरी होती, पदवी होती, दरबारचा हुकूम होता. नव्हता तो राहण्याचा हक्क. खाणावळीत त्यांना जे मिळाले होते, तो केवळ मुक्कामाचा परवाना होता. आणि तो परवानाही स्वतःचे नाव लपविल्यामुळे मिळाला होता. परवाना आणि हक्क यांतील हा भेद मनात पक्का ठेवून आपण व्हिसांकडे पाहिले पाहिजे.

प्रथम हा व्हिसा म्हणजे काय ते पाहू. आजवर परदेशी जाणाऱ्यासाठी मुख्यतः तीन दरवाजे होते : पाहुणा म्हणून जाणे, विद्यार्थी म्हणून जाणे, किंवा त्या देशातील मालकाकडे नोकर म्हणून जाणे. २०२० सालच्या महामारीत कचेऱ्या बंद पडल्या, कामे घरून होऊ लागली, आणि चौथा दरवाजा निघाला. त्याला 'डिजिटल नोमॅड व्हिसा' म्हणतात. एस्टोनियाने तो १ ऑगस्ट २०२० पासून सुरू केला आणि नंतर अनेक देशांनी त्याचे अनुकरण केले. या व्हिसाचे मूळ तत्त्व असे : तुम्ही आमच्या देशात राहा, येथे पैसा खर्च करा, परंतु कमाई मात्र बाहेरच्या मालकाकडून आणा. आमच्या लोकांच्या नोकऱ्यांना हात लावू नका.

'नोमॅड' या शब्दाचा अर्थ भटका. तो शब्द ऐकला की आपल्या देशातील दुसरी एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि कित्येक भटक्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरविले. त्यांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे आणि परवान्यावाचून गाव सोडता येत नसे. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. त्याचा डाग अजून पुसला गेलेला नाही. तीच भटकंती आज संगणक आणि बँकेचा दाखला घेऊन दारात उभी राहिली की सरकारे तिच्यासाठी खास कायदे करतात. भटकणे तेच आहे. फरक खिशाचा आहे. मी हे उपहासाने म्हणत नाही. या व्हिसाचे स्वरूप समजण्यास ही किल्ली आहे. हा व्हिसा माणसाला दिलेला नसतो, त्याच्या उत्पन्नाला दिलेला असतो. म्हणून उत्पन्न थांबले की त्याचा आधार संपतो.

आता निरनिराळ्या देशांची तुलना करू. तुलनेसाठी मी चार कसोट्या लावतो. पहिली, किती काळ राहता येते. दुसरी, पती, पत्नी व मुले यांचे काय होते. तिसरी, कर आणि सामाजिक विमा यांचा बोजा कोणता पडतो. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, हा रस्ता पुढे कोठे जातो : कायम वास्तव्याकडे व नागरिकत्वाकडे, की परत विमानतळाकडे?

या चौथ्या कसोटीवर व्हिसांचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात थायलंड, मलेशिया, संयुक्त अरब अमिराती, एस्टोनिया आणि जपान येतात. थायलंड हा बौद्ध देश असल्यामुळे आपल्या तरुणांचा त्याकडे ओढा असणे स्वाभाविक आहे. थायलंडने जुलै २०२४ मध्ये नवा व्हिसा काढला. त्याची मुदत पाच वर्षांची. प्रत्येक प्रवेशावर १८० दिवस मुक्काम, आणि शिल्लक म्हणून पाच लाख बात दाखवावे लागतात. पाच वर्षे हा शब्द ऐकून पुष्कळ जण हुरळून जातात. परंतु ही पाच वर्षे म्हणजे पाच वर्षांचे वास्तव्य नव्हे. पाच वर्षे पुन्हापुन्हा पाहुणा म्हणून येण्याची ती मुभा आहे. थाई मालकाकडे काम करता येत नाही, आणि या व्हिसावर दहा वेळा आलात तरी कायम वास्तव्याचा हक्क निर्माण होत नाही. शिवाय एका वर्षात १८० दिवस तेथे राहणारा मनुष्य करासाठी तेथील रहिवासी ठरतो, आणि १ जानेवारी २०२४ पासून मिळविलेले परदेशी उत्पन्न थायलंडमध्ये आणल्यास ते करपात्र मानले जाते. कर रहिवाशाचा आणि दर्जा पाहुण्याचा, अशी ही स्थिती आहे. आपण ज्या बुद्धाला शरण गेलो त्याच बुद्धाला तो देश वंदन करतो, याचा व्हिसाच्या कलमांवर यत्किंचितही परिणाम होत नाही.

मलेशियाचा 'दे रान्ताऊ' परवाना २०२२ पासून आहे. तो तीन महिने ते एक वर्ष मिळतो आणि आणखी एक वर्ष वाढविता येतो. संगणकक्षेत्रात काम करणाऱ्यांकडून वर्षाला २४,००० डॉलर उत्पन्नाची अपेक्षा असते. युरोपच्या मानाने ही अट हलकी आहे, आणि ज्याला एक-दोन वर्षे अनुभव घेऊन परतावयाचे आहे त्याला तो सोयीचा आहे. अमिरातीचा दूरस्थ कामाचा परवाना एक वर्षाचा असतो. महिन्याला ३,५०० डॉलर उत्पन्न लागते, कुटुंब नेता येते आणि पगारावर व्यक्तिगत आयकर नाही. परंतु तेथे कामगार संघटना काढता येत नाही आणि सामान्य परदेशी माणसाला नागरिकत्वाचा मार्ग जवळजवळ बंद आहे. एस्टोनियाचा व्हिसाही अधिकात अधिक एक वर्षाचा आहे.

जपानचे उदाहरण निराळ्या कारणाने लक्षात ठेवावे. मार्च २०२४ मध्ये जपानने सहा महिन्यांचा असा परवाना काढला. उत्पन्नाची अट वर्षाला एक कोटी येन. परंतु ज्या देशांच्या नागरिकांना जपानमध्ये मुळातच व्हिसावाचून प्रवेश आहे अशाच देशांसाठी तो खुला आहे, आणि त्या यादीत भारत नाही. म्हणजे येथे तुमचे उत्पन्न, पदवी, चारित्र्य सर्व काही असूनही तुमच्या पासपोर्टावरील देशाचे नाव पाहून दार बंद होते. माणूस कोठे जन्मला यावर त्याची वाट ठरावी, ही पद्धत आपल्या परिचयाची आहे.

दुसऱ्या वर्गात पोर्तुगाल, स्पेन आणि जर्मनी येतात. येथील रस्ता लांबचा व खर्चाचा आहे, पण तो घराकडे जाऊ शकतो.

स्पेनने २८/२०२२ या क्रमांकाचा कायदा डिसेंबर २०२२ मध्ये केला व दूरस्थ काम करणाऱ्यांना जागा दिली. उत्पन्न तेथील किमान वेतनाच्या दुप्पट लागते. पदवी किंवा तीन वर्षांचा अनुभव हवा. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याने आपल्या कामाचा एकपंचमांशापर्यंतचा भाग स्पेनमधील ग्राहकांकडून घेतला तरी चालतो. वकिलातीतून एक वर्षाचा व्हिसा मिळतो. देशात कायदेशीरपणे असताना अर्ज केल्यास तीन वर्षांपर्यंतचा परवाना मिळू शकतो. दुसऱ्या कसोटीवर स्पेन इतरांहून उजवा ठरतो, कारण बरोबर नेलेल्या पतीला किंवा पत्नीला तेथे काम करण्याची मोकळीक आहे. ही गोष्ट मी विशेषतः भगिनींसाठी सांगतो. नवऱ्याच्या परवान्यावर गेलेल्या शिकलेल्या स्त्रीला काम करण्याची बंदी असेल, तर तिचे शिक्षण स्वयंपाकघरात बंदिस्त झाले म्हणून समजा. पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर स्पेनमध्ये दीर्घ वास्तव्याचा हक्क मागता येतो. नागरिकत्वाला मात्र भारतीयाला दहा वर्षे लागतात, आणि स्पेनच्या जुन्या अमेरिकन वसाहतींतील लोकांना व फिलिपिनो लोकांना दोन वर्षे पुरतात. इतिहासाचे देणे असे कायद्यात शिरून बसते.

जर्मनीत डिजिटल नोमॅड नावाचा व्हिसा नाही. परंतु तेथील वास्तव्य कायद्याच्या २१ व्या कलमाखाली लेखक, भाषांतरकार, अभियंता अशा स्वतंत्र व्यावसायिकाला परवाना मिळू शकतो. त्यासाठी सहसा जर्मन ग्राहकांकडून कामाची इरादापत्रे लागतात. केवळ बाहेरच्या मालकावर विसंबणाऱ्याचे तेथे जमणे कठीण. पंचेचाळीस वर्षे ओलांडलेल्या अर्जदाराला म्हातारपणाची तजवीज दाखवावी लागते. म्हणून माझ्या वयाच्या मंडळींनी हे कलम विशेष काळजीने वाचावे. नागरिकत्वाची मुदत २०२४ च्या कायद्याने पाच वर्षांवर आणली आहे.

पोर्तुगालविषयी अधिक विस्ताराने बोलले पाहिजे, कारण भारतीय तरुणांत त्याचा गाजावाजा बराच आहे. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस तेथे हा व्हिसा सुरू झाला. अट अशी की, मासिक उत्पन्न देशातील किमान वेतनाच्या चौपट असावे. २०२५ साली ही रक्कम ३,४८० युरो, म्हणजे तीन-साडेतीन लाख रुपयांच्या घरात होती. या व्हिसाचे दोन प्रकार आहेत. एक, वर्षभराच्या मुक्कामाचा. दुसरा, आधी प्रवेशाचा व्हिसा घेऊन नंतर दोन वर्षांचा व पुढे तीन वर्षांचा वास्तव्य परवाना मिळविण्याचा. फॉर्म भरताना या दोहोंतील फरक न कळल्यास मनुष्य पहिल्या वर्गाचे तिकीट काढल्याच्या समजुतीत फलाटावरच उभा राहतो. सामाजिक विम्याच्या बाबतीत भारत व पोर्तुगाल यांच्यात करार असून तो २०१७ पासून अमलात आहे. अमेरिकेशी भारताचा असा करार नाही. ज्यांचा मालक भारतीय आहे आणि ज्यांचा भविष्यनिर्वाह निधी कापला जातो, त्यांनी दुहेरी हप्त्यातून सुटण्यासाठी अशा कराराचा लाभ मिळतो काय, हे निधी कार्यालयात अवश्य विचारावे.

परंतु पोर्तुगालची दुसरी बाजूही पाहा. या देशाचे नागरिकत्व मिळविण्याचे तीन मार्ग भारतीयांना दिसत आले आहेत. पहिला जन्माचा : १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेले आणि त्यांची मुले-नातवंडे पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करू शकतात. दुसरा पैशाचा, म्हणजे आज आपण ज्याची चर्चा करीत आहोत तो. तिसरा श्रमाचा. पोर्तुगालच्या दक्षिणेस ओडेमिरा भागात फळांच्या हरितगृहांतून भारत, नेपाळ, बांगलादेश येथील मजूर राबतात. ते किती दाटीवाटीने राहतात, हे २०२१ च्या महामारीत जगाने पाहिले. या मजुरांसाठी पूर्वी एक सोय होती. आधी येऊन काम मिळवावे, सामाजिक विम्याचे हप्ते भरावेत, आणि मग वास्तव्याचा परवाना मागावा. ही सोय जून २०२४ मध्ये बंद करण्यात आली. देश एकच. २०२२ साली त्याने बाहेरून पैसा आणणाऱ्यासाठी दार उघडले, आणि २०२४ साली शेतात घाम गाळणाऱ्याच्या तोंडावर दार लावून घेतले. जन्माला पहिले स्थान, पैशाला दुसरे आणि श्रमाला शेवटचे, ही उतरंड आपल्याला कोणी नव्याने शिकवावयास नको. आपल्यापैकी जो पैशाच्या दाराने आत जाईल, त्याने श्रमाच्या दाराबाहेर थांबलेल्याला विसरू नये. तो बहुधा आपलाच भाऊबंद असेल.

आणि या दारातून आत गेल्यावरही सर्व संपत नाही. परदेशी लोकांचे काम पाहणारे जुने खाते पोर्तुगालने ऑक्टोबर २०२३ मध्ये मोडून नवे निर्माण केले, तेव्हा चार लाखांच्या आसपास अर्ज तुंबलेले होते. नागरिकत्वासाठीची पाच वर्षांची मुदत बहुतेक परदेशीयांसाठी दहा वर्षांवर नेणारा कायदा तेथील संसदेने ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर केला. त्यातील काही कलमे संविधान न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये घटनाबाह्य ठरविली. यातून धडा हा घ्यावयाचा की, चार वर्षे चालल्यावर रस्ता लांबविला जाऊ शकतो, आणि तो लांबविणाऱ्या सभागृहात तुमचे मत नसते. परवानाधारकाच्या पाठीशी मत नसते. त्यामुळे त्याचा कायदा त्याच्यावाचून बदलतो.

हे बोलताना मला महाडची आठवण होते. मुंबई विधिमंडळाने १९२३ साली बोले यांचा ठराव संमत केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर सर्व ठीक झाले. तरी २० मार्च १९२७ पर्यंत आपल्या माणसाला त्या तळ्याची ओंजळ घेता आली नाही, आणि ती घेतल्याबद्दल मार खावा लागला. पुढे खटला झाला. उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल १९३७ साली लागला. कागदावरचा हक्क आणि हाताशी असलेला हक्क यांच्यामध्ये चौदा वर्षे गेली. परदेशचा परवाना हाती आला की सर्व हक्क आपोआप हाती येतात, असे ज्यांना वाटते त्यांनी हा इतिहास वाचावा.

कारण जात पासपोर्ट दाखवीत नाही. ती विनाव्हिसा प्रवास करते. तुमचा मालक अमेरिकन असेल. परंतु तुमचे काम तपासणारा अधिकारी, शेजारच्या खोलीतील भाडेकरू, परगावी घर मिळवून देणारा ओळखीचा मनुष्य पुष्कळदा भारतीयच असतो. तो आडनाव विचारतो, गाव विचारतो, आहार विचारतो. अशा वेळी कोणता कायदा पाठीशी उभा राहील? आपला १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा भारतापुरता आहे. लिस्बनमधील अपमानाला तो औषध म्हणून मिळेल असे गृहीत धरू नका. युरोपीय संघाच्या २००० सालच्या समता निर्देशात वंश व वांशिक मूळ हे शब्द आहेत, जात हा शब्द नाही. इंग्लंडच्या २०१० च्या समता कायद्यात जातीचा समावेश करण्याची तरतूद होती. २०१८ साली सरकारने ती अमलात न आणण्याचे ठरविले. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीय भेदभावाला स्पष्ट बंदी केली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने केलेले तसे विधेयक राज्यपालांनी ऑक्टोबरमध्ये नाकारले. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने मात्र २००२ सालीच सांगून ठेवले आहे की, करारातील 'वंशपरंपरा' या शब्दात जातीवर आधारलेला भेद येतो.

याचा अर्थ निराश व्हावे असा नाही. इंग्लंडमध्ये घरकामासाठी नेलेल्या बिहारमधील एका आदिवासी स्त्रीने तेथील न्यायाधिकरणात दाद मागितली. जात ही वांशिक मूळ या संज्ञेत येऊ शकते, असा निर्णय अपील न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१४ मध्ये दिला, आणि पुढच्या वर्षी तिला किमान वेतनाच्या थकबाकीपोटी एक लाख ऐंशी हजार पौंडांहून अधिक रक्कम मंजूर झाली. तिचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला होता. तिच्याजवळ संगणक नव्हता, लाखांचे उत्पन्न नव्हते. होता तो त्या भूमीवरील कामगार कायदा, आणि दाद मागण्याचे धैर्य. यावरून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. तिचा मालक तेथे होता, म्हणून तेथील कामगार कायदा तिला लागू झाला. दूरस्थ काम करणाऱ्याचा मालक तिसऱ्याच देशात असतो. बहुधा करारात त्याला नोकर न म्हणता स्वतंत्र कंत्राटदार म्हटलेले असते, आणि वाद झाल्यास तो मालकाच्या शहरात चालेल असे शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते. परिणामी राहण्याच्या देशाचा कायदा म्हणतो, हा आमचा कामगार नव्हे. मालकाच्या देशाचा कायदा म्हणतो, हा आमचा रहिवासी नव्हे. आणि भारताचा कायदा फार दूर राहतो. तेव्हा व्हिसाचा अर्ज भरण्यापूर्वी करारपत्राचे शेवटचे पान वाचा. नोटिशीची मुदत, आजारपणाची व बाळंतपणाची रजा, वादाचे ठिकाण, या बाबी लेखी करून घ्या. नोकरी सुटल्यावर परवाना किती दिवस टिकतो, हेही आधीच विचारा.

आता जाताना मागे काय ठेवून जातो, याचा हिशेब करू. केवळ व्हिसा घेऊन परदेशी राहिल्याने भारतीय नागरिकत्व जात नाही आणि मतही जात नाही. लोकप्रतिनिधित्वाच्या १९५० च्या कायद्यातील २०-अ कलमाप्रमाणे परदेशस्थ नागरिकाला मतदारयादीत नाव घालता येते. मात्र मत देण्यास स्वतः मतदान केंद्रावर यावे लागते. हे नाव अवश्य घाला. परक्या देशाचे नागरिकत्व घेतले की गोष्ट बदलते. आपले संविधान व १९५५ चा नागरिकत्व कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. जर्मनी दोन पासपोर्ट चालवून घेईल, भारत घेणार नाही. त्यानंतर मिळणारे परदेशस्थ भारतीयाचे कार्ड प्रवासाला उपयोगी आहे, परंतु त्यावर मत नाही, आणि संविधानाच्या सोळाव्या कलमाखालील सरकारी नोकरीतील समान संधीचा हक्कही नाही. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. धर्मांतरानंतर चौतीस वर्षांनी. इतक्या लढ्याने मिळालेली गोष्ट सोडावयाची तर ती समजून-उमजून सोडावी, गाफीलपणे नव्हे.

करासंबंधी एकच सावधगिरी सांगतो. आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेला मनुष्य येथील करासाठी रहिवासी ठरतो. याखेरीजही काही अटी आहेत. आणि जो भारतीय नागरिक कोणत्याच देशात करदाता नाही व ज्याचे परदेशी उत्पन्न सोडून उरलेले उत्पन्न पंधरा लाखांहून अधिक आहे, त्याला भारताचाच रहिवासी मानण्याची तरतूद २०२० पासून आहे. तेव्हा करशून्य देशाच्या जाहिराती वाचून कोणी एकदम तिकीट काढू नये.

मग निवड कशी करावी? ज्याला एक-दोन वर्षे जग पाहावयाचे आहे, कर्ज फेडावयाचे आहे, अनुभव घेऊन परतावयाचे आहे, त्याने थायलंड, मलेशिया किंवा अमिराती येथे खुशाल जावे. परंतु तो मुक्काम आहे, घर नव्हे, हे मनाशी धरून जावे. ज्याला मुलाबाळांसह स्थायिक व्हावयाचे आहे, त्याने स्पेन, जर्मनी, पोर्तुगाल यांचाच विचार करावा. पहिल्या दिवसापासून तेथील भाषा शिकावी, कर व विमा नियमित भरावा, कागद जपावेत. आणि ज्याचे उत्पन्न या अटींना पुरत नाही, त्याने कमीपणा मानू नये आणि दलालाच्या खोट्या पगारपत्रावर सही करू नये. खोट्या कागदावर मिळालेला परवाना म्हणजे बडोद्याच्या खाणावळीतील पारशी नाव होय. तो कोणत्या दिवशी उघडा पडेल याचा नेम नसतो. बाबासाहेबांना त्या वेळी दुसरा इलाज ठेवलेला नव्हता. आपल्याला तो त्यांनीच मिळवून दिला आहे.

बाबासाहेब १९१३ साली शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले. मुदत संपताच १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धे टाकून त्यांना परतावे लागले. १९२० साली ते स्वतः साठविलेल्या व उसन्या पैशांवर पुन्हा लंडनला गेले आणि शिक्षण पुरे करून आले. मुदतीचा परवाना कसा वापरावा याचा हा वस्तुपाठ आहे. ते तेथे राहू शकले असते की नाही हा प्रश्न निराळा. जे मिळविले ते त्यांनी सर्वांसाठी परत आणले. तुम्ही परत या किंवा तेथेच राहा, तो तुमचा निर्णय आहे. परंतु जेथे राहाल तेथे आपल्या खऱ्या नावाने राहा, तेथील कायदा वाचून राहा, आणि आपल्यासारख्या चारजणांना एकत्र करून राहा. एकट्या माणसाचा परवाना रद्द करणे सोपे असते. संघटित माणसांचा प्रश्न सरकारला ऐकावाच लागतो. तुमच्यापैकी ज्यांची करारपत्रे तयार असतील त्यांनी सभेनंतर थांबावे. ती वाचून पाहण्यास मी बसणार आहे.

जय भीम!